काकी ऐंशीची झाली, पण कागदावर ती जन्मलीच नाही

खाडीपल्याड

२०२५ च्या दिवाळीत गावी गेलो होतो. गुहागर तालुका, खाडीकडेची वाडी. आमच्या शेजारच्या घरात माझी चुलत काकी एकटी राहते. काका मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, ७१ च्या डिसेंबरात गेले. काकीच्या पदरात तेव्हा दोन मुलं. मोठा आता मुंबईत निवृत्त होऊन बसलाय, धाकटी पनवेलला दिली. काकी काही गाव सोडत नाही. "तुमच्या खोलीत मला श्वास कोंडतो," एवढंच सांगते.

पेन्शन नियमित येते, त्याबद्दल तक्रार नाही. आकडा इथे टाकत नाही, तिने बजावलंय. वाडीतले लोक मात्र "काकीला काय कमी, सरकार पोसतंय" असं तोंडावर बोलतात, म्हणून यंदा मुद्दाम बसून तिची वही पाहिली. दळण, वीज, औषधं सगळं लिहून ठेवते. त्या वहीतले सगळ्यात मोठे आकडे खाण्याचे नव्हतेच. माकडांनी मागीलदारची कौलं फोडली. मंगळुरी कौलं आता जुन्या पाडलेल्या घरांची शोधून आणावी लागतात आणि चढवणारा माणूस त्याहून महाग. गवत काढायला गडी, नारळ पाडायला पाडेकरी, तालुक्याला डॉक्टरकडे जायचं तर स्पेशल रिक्षा. एसटी आहे, पण फाट्यापर्यंत तिला चालवत नाही. सिलिंडर साडेआठशेच्या वर, आणि तो वाडीत आणून टाकायचे वेगळे. दारात माड असून नारळ विकत घेते, कारण पाडेकरी चार महिन्यांनी एकदा येतो. बांगड्याचं विचारलं तर म्हणाली, "वास आला की भात जातो रे दोन घास." हसत म्हणाली, पण वहीत मासळीचं पान जवळजवळ कोरं आहे.

आता मुद्दा. मला कुणीतरी सांगितलं की ८० वर्षं झाली की पेन्शन वाढते. काकीची वाढलेली नाही. पेन्शनचा कागद, म्हणजे पीपीओ काढून बघितला, तर तिच्या जन्मतारखेच्या जागी काहीच नाही. आधारवर १ जानेवारी १९४६ आहे, शिबिरात कुणीतरी अंदाजे टाकलेली. काकीला विचारलं तर ती म्हणते, मुंबईच्या गोदीत स्फोट झाला त्या उन्हाळ्यातली मी. तिचे वडील गोदीत हमाल होते, जीव वाचवून गावी आले आणि पंधरवड्यात ही झाली. गोदीचा स्फोट १४ एप्रिल १९४४ चा. म्हणजे खरं धरलं तर ती ऐंशी पूर्ण करून दीड वर्ष उलटलं, आधार धरलं तर अजून दोन महिने बाकी आणि पीपीओ धरलं तर ती जन्मलेलीच नाही.

त्यात आणखी एक गाठ. पीपीओवर तिचं लग्नातलं नाव, आधारवर माहेरचं. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची हौस!

मी एका कार्यालयात गेलो तर "रेकॉर्डला लिहा" एवढंच उत्तर मिळालं. कुठल्या रेकॉर्डला, काय लिहू? आणि नोव्हेंबरचा हयातीचा दाखला डोक्यावर आहे. तिच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. जन्मभर कालवं फोडलेली बोटं ती. मागच्या वर्षी दोन खेपा फुकट गेल्या.

माजी_हवालदार

खाडीपल्याड, घाबरू नका, हे घरोघरी आहे. मी खेडचा, २४ वर्षं नोकरी करून आलो. निवृत्तीनंतर आमच्या भागातल्या वीरनारींचे, म्हणजे सैनिकांच्या विधवांचे कागद बघतो, पैसे न घेता.

"रेकॉर्ड" म्हणजे त्या त्या रेजिमेंटचं अभिलेख कार्यालय. मराठ्यांचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, नौदलाच्या नाविकांचं मुंबईतच मानखुर्दला. तुमचा अर्ज बेळगावला जाईल. त्यात काकांचा आर्मी नंबर, पीपीओ नंबर आणि काकीचं नाव पीपीओवर आहे तसंच लिहा. माहेरचं नाव "ऊर्फ" म्हणून खाली. दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र करून जोडा.

आता खरी गंमत ऐका. शिपाई लग्न करून युनिटला परत गेला की त्याचं लग्न पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे युनिटच्या अधिकृत नोंदीला चढतं. किंड्रेड रोल नावाचा कुटुंबाचा तक्ता असतो, त्यात बायकोचं नाव आणि जन्मतारीख भरलेली असते. काकांनी तेव्हा काय सांगितलं असेल ते त्या कागदात आहे. बेळगावला विनंती करा की त्यावरची तारीख पीपीओला घ्यावी. त्यात मिळाली नाही तर आधार, पॅन, मतदार ओळखपत्र यांवरची चालते.

पण माझा सल्ला मानाल तर आधारवरची तारीख बदलायच्या फंदात पडू नका. ऐंशीव्या वर्षी आधार बदलायला गेलात की बँक, गॅस, रेशन सगळीकडे नव्याने गाठी. गोदीचा स्फोट खरा असला तरी तो पुरावा म्हणून कुठे चिकटवणार?

वाढ अशी आहे: ८० ला मूळ पेन्शनच्या २०%, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला दुप्पट. ज्या महिन्यात वय पूर्ण होतं त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून. आणि या वाढीवरही महागाई भत्ता लागतो. समजायला मूळ २०,००० धरा. २०% म्हणजे ४,०००, त्यावर जुलै २०२५ पासूनचा ५८% भत्ता धरला तर महिन्याला ६,३२० रुपये. काकीचं माकड-कौलांचं बजेट निघेल की नाही?

हयातीचं सोपं आहे. ठसे सोडा. मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण, म्हणजे डिजिटल हयातीचा दाखला होतो. तेही जमत नसेल तर पोस्टमन घरी येऊन करतो, ७० रुपये घेतो. आणि ८० च्या वरच्यांना नोव्हेंबरची वाट बघावी लागत नाही, ऑक्टोबरपासूनच करता येतं. हेही जन्मतारखेवरच अडलेलं बघा.

गोडांबा

वाचतेय. माकडं आणि कौलं, +१. आमच्याकडे शेवटी पत्रे घातले.

दर्याची_लेक

राग येईल कुणाला, पण लिहिते. माझे बाबा ट्रॉलरवर खलाशी होते, दर्यात गेले ते परत आले नाहीत. अंग सापडलं नाही. अंग नाही म्हणून दाखला नाही, कायद्याने ७ वर्षं वाट बघा म्हणाले. त्या ७ वर्षांत आईने सुकट विकून आम्हाला वाढवलं. आज तिला निराधार योजनेचे महिना १,५०० मिळतात, तेही दर वर्षी हयात आहे हे दाखवून. खलाशांच्या अपघात विम्याचे आता ५ लाख मिळतात म्हणे, आमच्या वेळी कुणी सांगितलं नाही.

तुमच्या काकीला पूर्ण पगाराएवढी पेन्शन आहे, वर महागाई भत्ता, वर सैन्याच्या दवाखान्याचं कार्ड. तिचं दुःख लहान आहे असं म्हणत नाही. पण वाडीतले लोक का बोलतात तेही बघा. ती बोलणारी माणसं शेजारच्या १,५०० वाल्या घरातली असतात.

खाडीपल्याड

ताई, राग कशाला. खरं आहे ते. आमच्याच वाडीत तांडेलाची बायको आहे, काकी दर महिन्याला तिला तांदूळ देते आणि वहीत लिहीत नाही. मला ते पाडेकऱ्याने सांगितलं.

आकडेमोड

दर्याची_लेक यांच्या मुद्द्याला उत्तर नाही माझ्याकडे. महागाई भत्त्याबद्दल मात्र थोडं, कारण "भत्ता मिळतो ना, मग महागाईची तक्रार कसली" हे नेहमी ऐकू येतं.

हा भत्ता जानेवारी आणि जुलैपासून बदलतो, गेल्या १२ महिन्यांच्या किंमत निर्देशांकाच्या सरासरीवर. निर्देशांक कुणाचा, तर औद्योगिक कामगारांचा. कारखाने, खाणी, मळे, रेल्वे, बंदरं, मोटार वाहतूक, वीज यांतले कामगार. जिथे हे कामगार राहतात तिथल्या बाजारातले भाव. सातव्या वेतन आयोगाच्या वेळी, म्हणजे १ जानेवारी २०१६ ला तो शून्यावर आणला, आणि जुलै २०२५ पासून ५८% झाला. करोनात १८ महिने गोठवला होता, १७ वरच ठेवला. जुलै २०२१ ला एकदम २८ केला, मधली थकबाकी नाही दिली.

आता काकीची वही बघा. पन्नाशीतल्या गिरणी कामगाराचा खर्च तिचा नाही. तिचा खर्च म्हणजे दुसऱ्याच्या अंगमेहनतीचा खर्च: गडी, पाडेकरी, कौलं चढवणारा, रिक्षावाला. गावातली तरणी पोरं मुंबईला गेली, उरलेल्यांची मजुरी वाढली. त्यांनी ती घ्यावीच, त्यांनाही पोट आहे. पण एकट्या म्हातारीची महागाई बाजारभावाच्या पुढे पळते ती इथे. धान्य स्वस्त झालं म्हणून माडावर कुणी फुकट चढत नाही.

आठवा वेतन आयोग नेमलाय, न्यायमूर्ती रंजना देसाई अध्यक्ष, १८ महिन्यांची मुदत. त्यात किती वाढतं ते बघायचं.

अबोलीचा_गजरा

हा धागा तीन दिवस उघडून बंद करत होते. आज लिहितेच.

मी दापोलीजवळची. माझे मिस्टर २०१७ मध्ये गेले. गोळी लागून नाही. शांत ठिकाणी पोस्टिंग होती, सकाळी पीटी करून आले आणि चहा घेता घेता पडले. हार्ट. वय ३४. गावात पेटी आली तेव्हा तिरंगा होता, सलामी झाली, पोरांनी "अमर रहे" केलं. मला वाटलं, सगळ्यांना असंच असतं.

कागद आले तेव्हा कळलं की मरणालाही रकाने असतात. लढाईत किंवा ऑपरेशनमध्ये गेला तर शेवटच्या पगाराएवढी. नोकरीच्या ताणामुळे किंवा ड्युटीवरच्या अपघातात गेला असं ठरलं तर ६०%. आणि "नोकरीशी संबंध नाही" असा शेरा पडला तर साधी फॅमिली पेन्शन, ३०%. पहिली १० वर्षं ५०% देतात, मग ३० वर येते. माझा शेरा तिसरा. माझी १० वर्षं २०२७ ला संपतात. मुलगी तेव्हा बारावीला असेल. म्हणजे क्लास, वसतिगृह, प्रवास सगळे खर्च एकदम वाढायच्या वर्षी माझे पैसे चाळीस टक्क्यांनी कमी होणार. भत्ता कितीही वाढवा, तो खड्डा भरत नाही.

आणि दर १५ ऑगस्टला ग्रामपंचायतीत वीरपत्नी म्हणून शाल-श्रीफळ घ्यायला बोलावतात. पहिली दोन वर्षं गेले. मग सरपंचांना सांगितलं, काका, माझ्या कागदावर तसं लिहिलेलं नाही. ते म्हणाले, कागदाचं काय, तू ये. चांगले आहेत ते. पण मी नाही जात. कपाटात सहा शाली आहेत. बाकीच्या चार घरी आणून दिल्या.

सासूबाईंचंही लिहिते. त्यांचा मुलगा गेला आणि पेन्शन माझ्या नावावर. त्यांच्या हातात काही नाही. मी महिन्याच्या एक तारखेला त्यांच्या डब्यात पैसे ठेवते, पण त्या मागून घेत नाहीत आणि मोजतही नाहीत. हे कुठल्याच फॉर्ममध्ये नाही.

माजी_हवालदार

अबोलीताई, तुम्ही अपील केलंत का? नसेल तर अजून दार बंद नाही.

भरती होताना माणूस ठणठणीत होता, डॉक्टरांनी तपासून घेतला. कुठलाही आजार लिहिलेला नव्हता. मग नोकरीत आजार झाला तर तो नोकरीमुळे नाही, हे सरकारने दाखवायचं असतं. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या धरमवीर सिंह निकालात हे स्पष्ट आहे. निकाल अपंगत्व पेन्शनचा होता, पण त्याच तत्त्वावर अनेक जण भांडतात. आधी पहिलं अपील, मग दुसरं, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचं मुंबईत खंडपीठ आहे. मिळेलच असं वचन देत नाही. हृदयविकाराच्या केसमध्ये शेवटच्या १४ दिवसांच्या ड्युटीचा तक्ता फार महत्त्वाचा असतो. तो युनिटकडून मागवा. त्याच्याबरोबर राहिलेला एखादा सोबती अजून नोकरीत असेल तर त्याला फोन करा. सोबती नाही म्हणत नाहीत.

आणि मुलीसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती लक्षात ठेवा. मुलींना महिना ३,०००, व्यावसायिक अभ्यासक्रमाला. बारावीला ६०% लागतात. पहिल्या वर्षीच अर्ज करावा लागतो. दुसऱ्या वर्षी आठवलं तर उपयोग नाही, माझ्या पुतणीचं तसंच झालं.

शाली विकू नका हो. थंडीत उपयोगी पडतात.

अबोलीचा_गजरा

अपील नव्हतं केलं. तेव्हा सासरे म्हणाले, मेलेल्या पोराच्या नावाने कोर्टकचेरी नको. आता सासरेही नाहीत. १४ दिवसांचा तक्ता मागवते. खरंच त्या आठवड्यात ते रोज रात्री फोनवर "झोप नाही गो" म्हणत होते. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही.

कुडाळकर

माझ्या मावशेचा पण असाच झाला होता, नावाचा घोळ. पाच वर्षां गेली. तिका एक कोणी सांगूक नाय की घरपट्टी माफ असा माजी सैनिकांका आनि त्यांच्या विधवांका. २०२० पासून. मावशी आपली दर वर्सा भरीत होती! ग्रामसेवकान पण घेतली गप. खाडीपल्याड, काकीचा बघा आधी.

खाडीपल्याड

कुडाळकर, तुम्ही हसवलंत आणि रडवलंत. आत्ता फोन केला. काकीने मार्चमध्येच भरलीय. पावती जपून ठेवलीय, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

बंदरावरचा_बाळू

मध्येच विचारतो. माझा मुलगा अग्निवीरची तयारी करतोय, रोज सकाळी पुळणीवर धावतो. त्याच्या लग्नाचं नंतर बघू, पण उद्या बरंवाईट झालं तर त्याच्या बायकोला काय?

माजी_हवालदार

बाळू, पेन्शन नाही. ना त्याला, ना बायकोला. ड्युटीवर गेला तर ४८ लाख विमा, ४४ लाख सानुग्रह मदत, चार वर्षांतल्या उरलेल्या दिवसांचा पगार आणि सेवा निधी, म्हणजे पगारातून साठलेली रक्कम आणि त्यावर सरकारची भर. मोठी रक्कम दिसते. पण या धाग्यावरच्या काकीचं बघा. ७१ पासून आजवर चोपन्न वर्षं दर महिन्याला पैसे येतात, आणि महागाईबरोबर थोडे का होईना वाढतात. एकरकमी पैशाला घरात किती वाटेकरी निघतात ते तुम्हाला मी सांगायला नको. मुलाला धावू दे. पण हे त्याला बसवून सांगा, आणि त्याच्या होणाऱ्या सासऱ्यालाही.

आकडेमोड

अजून एक, करासाठी. लढाईत गेलेल्या सैनिकाच्या कुटुंबाला मिळणारं निवृत्तिवेतन करमुक्त आहे, १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम १०(१९). काकीच्या बँकेने कधी कर कापला असेल तर पासबुक तपासा. अबोलीताईंच्या पेन्शनला मात्र हे लागू नाही, तिथे फक्त ठरावीक वजावट मिळते. तिथेही रकाना आलाच.

दर्याची_लेक

अबोली, तुझा नंबर मला मेसेज कर. मी दापोलीलाच असते, बुधवारी बाजाराला येते. तक्ता मागवायचं पत्र मी टाइप करून देईन.

आणि खाडीपल्याड, मी आधी जे लिहिलं ते मागे घेत नाही, पण काकीला माझा नमस्कार सांगा.

खाडीपल्याड

उशिरा लिहितोय, परत गावी जाऊन आलो.

काकांची पत्र्याची ट्रंक उघडली. काकीने आजवर आम्हाला हात लावू दिला नव्हता. युनिटची तीन पत्रं, एक फोटो, आणि पीपीओबरोबर आलेला एक जाड कागद मिळाला. टाइपरायटरचा, अर्धा वाळवीने खाल्लेला. लग्नाची नोंद. काकीचं लग्नातलं नाव आहे, खाली जन्मतारीख आहे: ४ मे १९४४. म्हणजे काकांनी सासऱ्यांना विचारून बरोबर सांगितली होती. हवालदारसाहेब, तुम्ही म्हणालात तेच. गोदीचा पुरावा चिकटला शेवटी.

काकीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "चार मे? मला तर त्यांनी कधी सांगितलं नाही." मग बराच वेळ नारळाच्या शेंड्या सोलत बसली.

बेळगावला स्पीड पोस्टने पत्र गेलं, झेरॉक्स आणि प्रतिज्ञापत्रासकट. मूळ कागद दिला नाही. मे २०२४ पासूनचे धरले तर थकबाकी बरी निघेल. काकीचं ठरलंय, मागीलदारची कौलं, मृगाच्या आत. पत्रे नकोत म्हणते, पावसाचा आवाज सहन होत नाही.

हयातीचा दाखला झाला. घरात रेंज नव्हती, म्हणून तिला खुर्चीत बसवून दोघांनी सड्यावर नेली. तीनदा चेहरा "ओळखला नाही" आलं. चौथ्यांदा पोस्टमनने सांगितलं, आजी, पदर थोडा मागे घ्या. तेव्हा झालं. ७० रुपये तिने स्वतः मोजून दिले आणि वहीत लिहिले.

घरपट्टी माफीचा अर्ज ग्रामसेवकाकडे दिलाय. बेळगावचं उत्तर आलं की इथेच टाकतो.